फ्रीजर थंड होत नाही: दुरुस्त करायचा की बदलायचा, हे कोणत्या क्रमाने ठरवावं

बहुतेक घरांत हा निर्णय उलट्या क्रमाने होतो. शेजारी म्हणतात, "दहा वर्षं झाली ना? मग टाका." मेकॅनिक पाच मिनिटं बघून म्हणतो, "गॅस गेलाय." गॅस भरला जातो, दीड-दोन महिने बर्फ जमतो, मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून नवा आणला जातो. दुरुस्तीचे पैसे गेले ते गेलेच, वर नव्याचेही गेले.

वय आणि किंमत हे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न एवढाच: बिघाड गॅसच्या बंद मार्गात आहे, की त्याच्या बाहेर? कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (उष्णता बाहेर सोडणारी जाळी), फिल्टर (ओल शोषणारा), कॅपिलरी (अगदी बारीक नळी) आणि फ्रीजरमधली कॉइल (थंडावा देणारी नळी) हा झाला बंद मार्ग. थर्मोस्टॅट, रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा स्विच), ओव्हरलोड (जास्त भार आला की त्याला बंद करणारा), पंखा, डीफ्रॉस्ट हीटर (कॉइलवरचा बर्फ वितळवणारा), सेन्सर, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि दाराचं रबर हे सगळं बाहेरचं. बाहेरचा भाग बहुधा घरीच, तासाभरात बदलता येतो. बंद मार्ग उघडायचा तर काम मोठं असतं आणि ते नीट झालं की नाही, हे कळायलाही काही दिवस जातात.

खालचा क्रम दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्रीला (बर्फ आपोआप वितळतो तो), एका दाराच्या डायरेक्ट कूलला (बर्फ आपण वितळवावा लागतो तो) आणि आडव्या डीप फ्रीजरला, तिन्हींना लागू आहे. फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी माल वाचवा आणि वेळ लिहून ठेवा

थंडावा कमी झाल्याचं कळलं ती वेळ कागदावर लिहा. दार न उघडलेला गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला २४ तास. खालच्या फ्रीजच्या कप्प्याचं मात्र ४ तासांपलीकडे काही खरं नाही. म्हणून "बर्फ वितळला का" हे पाहायला दर तासाला दार उघडू नका.

सुरमई, कोळंबी, मटण आधी शेजाऱ्यांकडे किंवा बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत हलवा. मटार, खवलेलं खोबरं नंतर. मांस-मासळी ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिली असेल तर टाकून द्या, वास येत नसला तरी.

तपासणी: एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवायची सवय लावा. सुट्टीहून परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे.

२. फोन करण्याआधी घरच्या तपासण्या

हा टप्पा वगळल्याने नुसत्या व्हिजिट चार्जचे पैसे जातात. क्रम पाळा, कारण पुढची तपासणी आधीच्या तपासणीवर उभी आहे.

वीज: फ्रीजचा प्लग काढून त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण चालवून पाहा. मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन असेल तर ते काढून थेट भिंतीला लावा. स्टॅबिलायझर असेल तर त्याचा आकडा कॉम्प्रेसर सुरू होताना बघा, एरवीचा नको. सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज फार कोसळत असेल, तर दोष वायरिंगचा किंवा सॉकेटचा असू शकतो. एकदा बंद केल्यावर पाच मिनिटं थांबूनच पुन्हा चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसरवर जोर येतो.

सेटिंग: कप्पे पुसताना थर्मोस्टॅटची चकती फिरते. काही मॉडेलमध्ये दुकानातला डेमो मोड चुकून चालू होतो, तेव्हा दिवा लागतो, आकडे दिसतात, थंडावा मात्र येत नाही. तो बंद करण्याची रीत पुस्तिकेत असते.

जागा: कोनाड्यात अगदी बसवून टाकलेला फ्रीज उष्णता सोडू शकत नाही. मागे एक वीतभर जागा सोडा, बाजूंना पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. मागची काळी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने धूळ झाडा. जाळी दिसत नसेल तर कंडेन्सर बाजूच्या पत्र्यांच्या आत आहे. तिथे बाजू गरम लागणं हा बिघाड नव्हे.

रबर: दारात कागदाचा तुकडा अर्धा आत धरून दार लावा आणि ओढा. चारही कडांना, दर वीतभर अंतरावर. सहज सुटतो तिथे रबर धरत नाही. कोमट साबणपाण्याने पुसून, हेअर ड्रायरने हलकं गरम करून ते पुष्कळदा पुन्हा बसतं. फाटलं असेल तर बदला. मॉडेलचं मिळालं नाही, तर मापावर बनवून देणारे असतात.

पावसाळ्याची सूचना: जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत बाहेरच्या पत्र्यावर, दाराच्या कडेला पाणी सुटतं. आतलं तापमान ठीक असेल तर यासाठी मेकॅनिक बोलावू नका. मात्र वर्षभर एकाच ठरावीक जागी पत्रा ओला राहत असेल, तर आतल्या फोममध्ये ओल शिरली आहे. ही खूण पाचव्या टप्प्यात लागेल.

शेवटची आणि सगळ्यात उपयोगी तपासणी पूर्ण डीफ्रॉस्टची. सगळं रिकामं करा, प्लग काढा, दारं उघडी ठेवून २४ तास जाऊ द्या. खाली जुने टॉवेल घाला. मग चालू करून, काही न भरता, आणखी २४ तासांनी तापमान मोजा. फ्रीजरमध्ये बर्फाच्या पिशवीला चिकटवून थर्मामीटर ठेवा, खालच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात बुडवून. तापाचा थर्मामीटर चालत नाही, उणे आकडा दाखवणारा हवा. फ्रीजर उणे १८ च्या आसपास आणि खालचा कप्पा ३ ते ५ असेल तर यंत्र थंड करू शकतं, हे सिद्ध झालं.

इशारा: बर्फ काढायला सुरी, पेचकस, उलथनं कधीही वापरू नका. डायरेक्ट कूलमध्ये बर्फाच्या मागे लगेच ॲल्युमिनियमची पातळ कॉइल असते. फुस्स आवाज आला तर गॅस बाहेर पडतो आहे. हल्लीच्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेतो. शेगडी बंद करा, खिडक्या उघडा, फ्रीजजवळचा स्विच किंवा प्लग हाताळू नका, मुख्य बोर्डावरची एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा.

३. बिघाड कोणत्या बाजूचा?

आता लक्षणं वाचायची. इथे घाई केली की सगळं चुकतं.

डीफ्रॉस्टनंतर पाच-सात दिवस उत्तम चाललं आणि मग फ्रीजर ठीक, खालचा कप्पा मात्र कोमट: फ्रॉस्ट फ्रीमध्ये ही जवळजवळ नेहमी डीफ्रॉस्टची तक्रार. हीटर, बायमेटल (तापमानाप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच), सेन्सर किंवा टायमर यांपैकी एक गेलेलं असतं. कॉइलवर बर्फाची भिंत चढते आणि थंड हवा खाली उतरत नाही. गॅस पूर्ण शाबूत. तरीही नेमक्या याच लक्षणावर "गॅस कमी" म्हणून पुष्कळ बिलं फाडली जातात.

फ्रीजरमध्ये पंख्याचा आवाज नाही, किंवा घासल्यासारखा आवाज: पंख्याची मोटर किंवा पात्याला लागलेला बर्फ. बाहेरचा दोष.

खालच्या भाजीच्या ट्रेखाली पाणी: निचऱ्याचं भोक तुंबलं. कोमट पाणी आणि मऊ नळी पुरेशी.

दर दोन-चार मिनिटांनी 'टक्' आणि मग शांतता: कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो आणि ओव्हरलोड त्याला बंद करतो. कारणं तीन. व्होल्टेज, रिले-कपॅसिटर, किंवा कॉम्प्रेसरच जाम. आधीची दोन बाहेरची आणि स्वस्त, तिसरं आतलं आणि महाग. म्हणून 'टक्' ऐकून कॉम्प्रेसर गेला म्हणणाऱ्याला मल्टिमीटर लावायला सांगा. कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमध्ये जोडीजोडीने ओहम मोजले तर सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. एखादी जोडी उघडी दाखवत असेल किंवा पीन आणि कॉम्प्रेसरच्या पत्र्यात जोड दाखवत असेल, तर वाइंडिंग (आतल्या मोटरच्या तारांचं वेटोळं) गेलं. हा नियम साध्या कॉम्प्रेसरचा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये (गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या) तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात.

इन्व्हर्टर मॉडेल पूर्ण मुकं: पीसीबी आधी पाहा. मागचं झाकण काढल्यावर त्यावर मेलेली पाल किंवा झुरळांची घाण दिसली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. बऱ्याच बोर्डांवर लुकलुकणारा दिवा असतो, त्याची लुकलुक मोजून दोषाचा कोड मिळतो. तो मोजल्याशिवाय बोर्ड किंवा कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे अंधारात दगड.

कॉम्प्रेसर अखंड चालू, गरम, तरी थंडावा नाही: इथे बंद मार्गाचा संशय खरा. कॉइलवरचा बर्फ बघा. सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर गॅस बरोबर. गॅस शिरतो त्या सुरुवातीच्या एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी आहे किंवा मार्ग चोक (तुंबलेला) आहे. या दोघांतला फरक असा: बंद करून तासभर गरम होऊ दिल्यावर पुन्हा काही तास छान चालतो आणि मग अडतो, तर आत ओल शिरून कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आहे. कधीच धड चालत नसेल, तर गळती किंवा कॉम्प्रेसरचा दाब कमी.

चालू करताच आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका) पडते: हीटर किंवा कॉम्प्रेसर अर्थ होतो आहे, म्हणजे वीज पत्र्यात उतरते आहे. जुन्या इमारतींत पुष्कळदा अर्थिंगच नसतं, तिथे आरसीसीबी आधी पडत नाही, हात लागला की शॉक बसतो. असा फ्रीज निर्णय होईपर्यंत चालवू नका.

लक्षात ठेवा: गॅस वापरून संपत नाही. मार्ग बंद आहे, तेव्हा कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. खाडीलगतच्या भागांत खारट दमट हवेने नळ्यांचे जोड लवकर गंजतात. कळवा, ऐरोली, वाशीकडच्या घरांनी कॉम्प्रेसरजवळचे जोड आधी बघावेत. तेलकट डाग दिसला की गळती तिथेच.

४. लेखी अंदाज घ्या

मेकॅनिकचा नंबर फ्रीजवरच्या स्टिकरवरून किंवा पुस्तिकेतून घ्या. मोबाइलवर शोधून वर येणारी 'अधिकृत सर्व्हिस सेंटर' पुष्कळदा कंपनीची नसतातच.

आधी बिल काढून वॉरंटी बघा. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी सर्रास असते, पण ती बहुधा नुसत्या कॉम्प्रेसरची. गॅस, फिल्टर, मजुरी आणि व्हिजिट तुमच्या खिशातून. "कॉम्प्रेसर फुकट" ऐकून हुरळू नका, उरलेल्याचा आकडा विचारा.

कागदावर, निदान व्हॉट्सॲपवर, एवढं हवं: दोषाचं नाव, भागाचं नाव, मूळ कंपनीचा की पर्यायी, गॅसचा प्रकार आणि ग्रॅम, नवा फिल्टर धरला आहे का, मजुरी, व्हिजिट चार्ज बिलात वळता होणार का, आणि हमी किती दिवसांची व नेमकी कशावर. "तीन महिन्यांची गॅरंटी" एवढंच लिहिलेलं निरुपयोगी. गॅस पुन्हा गेला तर फुकट भरणार का, हे स्पष्ट हवं.

दोन प्रश्न हमखास विचारा. "गळती कुठे आहे, दाखवा." आणि "जुना भाग मला परत मिळेल ना?" पहिल्या प्रश्नाला "ते गॅस भरल्यावर कळेल" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

इशारा: फ्रीज दुकानात न्यायचा असेल तर मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि कॉम्प्रेसरवरच्या लेबलाचा फोटो आधी काढा. सोसायटीच्या गेटवर 'दुरुस्तीसाठी बाहेर' अशी नोंद करा.

५. आता वय आणि पैसा

काही निकाल हिशेबाशिवायच लागतात. फोममध्ये गाडलेल्या नळीची गळती, वॉरंटीबाहेर: बदला. तिथवर पोचायचं तर फ्रीज फोडावा लागतो. ओला फोम, तळाचा पत्रा गंजून आरपार, आतलं प्लास्टिक तडकलेलं: बदला, कॉम्प्रेसर कितीही चांगला असो. टोचून भोक पडलेली ॲल्युमिनियमची कॉइल एम-सीलने बुजवणं हा तात्पुरता इलाज आहे, त्यावर नव्या गॅसचे पैसे घालू नका. उलट रबर, थर्मोस्टॅट, रिले, हीटर, सेन्सर यांसाठी बारा वर्षांचा फ्रीजही दुरुस्त करावा, भाग मिळत असेल तर.

घोळ होतो तो मधल्या प्रकरणांत: दिसणाऱ्या जोडाची गळती, चोकअप, पीसीबी, वॉरंटीबाहेरचा कॉम्प्रेसर. इथे 'नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर बदला' हा प्रचलित नियम ढोबळ आहे, त्यात वीज येत नाही. वर्षाचा खर्च काढा.

दुरुस्तीचा वर्षाचा खर्च = अंदाजाची रक्कम ÷ पुढे चालण्याची वर्षं + जास्तीच्या विजेचे पैसे.
नव्याचा वर्षाचा खर्च = (किंमत − एक्स्चेंज) ÷ १०.

आठ वर्षांपुढच्या फ्रीजचा बंद मार्ग उघडला असेल तर पुढची वर्षं तीनच धरा, जास्त नको.

विजेसाठी प्लगमध्ये बसणारा युनिट मीटर दोन दिवस लावा. इथली नेहमीची चूक म्हणजे बिघडलेल्या फ्रीजचं मोजमाप नव्याच्या लेबलशी ताडणं. बिघडलेला अखंड चालतो, त्याचे आकडे फुगलेले असतात. फ्रीज धड असतानाचे युनिट हवेत. ते नसतील तर जुन्या बीईई लेबलवरचे (वीज बचतीचे स्टार असतात ते) वर्षाचे युनिट घ्या. स्टार ताडू नका, कारण स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात आणि कालचा पाच स्टार आज तेवढा राहत नाही.

युनिटचा दर महावितरणच्या बिलातून घ्या, पण एकूण रक्कम भागिले युनिट असा नव्हे. वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या स्लॅबमधून कमी होतात. त्या स्लॅबचा वीज आकार, अधिक वहन आकार, अधिक इंधन समायोजन, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार धरू नका, तो कमी होत नाही.

उदाहरणादाखल आकडे. जुना फ्रीज रोज १.१ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे ४००. नव्याचं लेबल २५०. फरक १५० युनिट, दर १२ रुपये, म्हणजे १,८०० रुपये. गॅसच्या कामाचा अंदाज ४,५००, भागिले ३ म्हणजे १,५००. बेरीज ३,३००. नवा २७,०००, एक्स्चेंज २,०००, उरले २५,०००, भागिले १० म्हणजे २,५००. इथे नवा घ्या. त्याच फ्रीजचं काम ९०० रुपयांच्या थर्मोस्टॅटवर भागत असेल, तर इथेही तीनच वर्षं धरून ३०० अधिक १,८०० म्हणजे २,१००. दुरुस्त करा. यंत्र तेच, वय तेच, उत्तर वेगळं. म्हणूनच तिसरा टप्पा आधी.

६. दुरुस्ती ठरली तर समोर उभे राहा

बाहेरचा भाग असेल तर बदलून झाल्यावर २४ तासांनी तापमान मोजा, झालं. गॅसचं काम असेल तर हा क्रम चुकू देऊ नका.

क) फ्रीजवरच्या माहितीच्या पाटीवर गॅस कोणता ते वाचा. आर-१३४ए आणि आर-६००ए हे दोन गॅस अदलाबदलीचे नाहीत. आर-६००ए असेल तर खिडक्या उघड्या, शेगडी आणि देवापुढचा दिवा बंद. मार्गातला उरलेला गॅस काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय टॉर्च पेटवायचा नाही.

ख) गळती बुजवणं. मग नवा फिल्टर. फिल्टरची सीलबंद पिशवी डाग देण्याच्या क्षणीच फोडायची. पावसाळ्यात अर्धा तास उघडा पडलेला फिल्टर हवेतली ओल पिऊन बसतो आणि आठवड्यात चोकअप होतो.

ग) नायट्रोजनचा दाब भरून काटा खाली येतो का ते बघणं, जोडांवर साबणाचा फेस. काटा हलला की पुन्हा ख.

घ) व्हॅक्यूम पंप, निदान अर्धा तास. पंप बंद केल्यावर दहा मिनिटं काटा स्थिर हवा. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" किंवा फ्रीजच्याच कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम, या दोन्ही पळवाटा. हवा आणि ओल आतच राहते.

च) गॅस वजनकाट्यावर, पाटीवरच्या ग्रॅमइतका. आर-६००ए इतका कमी लागतो की दहा-पंधरा ग्रॅमची चूकही मोठी. त्यात चालू फ्रीजच्या कमी दाबाच्या बाजूला काटा शून्याखाली जाणं बरोबर आहे. आर-१३४एची सवय असलेला माणूस तो काटा वर आणायला गॅस वाढवतो आणि तिथेच बिघडवतो.

तपासणी: काही तासांनी कॉइलवर सगळीकडे सारखा बर्फ हवा. कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीवर बाहेर बर्फ चढला तर गॅस जास्त झाला आहे. पूर्ण पैसे २४ तासांच्या तापमानानंतर द्या. हमी पाळली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि हाताशी तो चौथ्या टप्प्यातला कागद.

७. बदलायचा ठरला तर

लिटर बघण्याआधी टेप घ्या. लिफ्टचं दार, घराचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि जिन्याचं वळण. सिडकोच्या जुन्या घरांत आणि नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतींत मोठा दोन दारांचा फ्रीज वळणावर अडकतो. टॉवरमध्ये सामानाच्या लिफ्टची वेळ आणि सोसायटीची परवानगी डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी घ्या. वर चढवण्याचे पैसे कोणाकडे, तेही विचारून ठेवा.

आडवा करून आणला असेल तर उभा ठेवून काही तास थांबा, पुस्तिकेत वेळ दिलेली असते. मग रिकामाच चालू करा आणि उणे १८ आल्यावर भरा. एकदम दहा किलो गरम सामान कोंबू नका.

जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये द्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाला. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार फ्रीजच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर उचलण्याची विनंती नोंदवा आणि पावती मागा. भंगारवाल्याला जिन्यातच नळ्या कापू देऊ नका, आत पेटणारा गॅस असू शकतो. उचलायला येईपर्यंत फ्रीज पॅसेजमध्ये राहणार असेल तर दारं बिजागरीतून काढून वेगळी ठेवा. लपाछपीत मूल आत शिरलं आणि दार लागलं, तर आतून हाक ऐकू येत नाही.